दोरीचं दुसरं टोक

कांद्याच्या माना पडायला लागल्या की मला दुसरं काही सुचत नाही. पात उभी असते तोवर कांदा पोसतो आहे असं समजायचं. ती एकदा वाकून जमिनीला टेकली की उपटायला घ्यायचा. मागच्या आठवड्यात माझं खालचं शेत असं सगळं आडवं झालं. त्या सकाळी बांधावर उभी होते, खाडीकडून वारा येत होता आणि त्याला ओल्या मातीचा, पातीचा आणि थोडा मिठाचा वास होता. आमच्या अलिबागकडचा पांढरा कांदा उग्र नसतो. नुसता दाताखाली धरून खाल्ला तरी डोळ्यांतून पाणी काढत नाही. ते काम आमच्याकडे माणसं करतात.

उपटलेला कांदा पातीसकट सावलीत पसरायचा. पात मऊ, पिवळट झालेली असते पण अजून कुरकुरीत झालेली नसते, असे मधले थोडेच दिवस मिळतात. तेवढ्यात माळा विणून व्हायला हव्यात. उशीर झाला की पात हातात तुटते, मग तो कांदा सुटा, गोणीत भरून व्यापाऱ्याला द्यायचा. सुट्या कांद्याला नाव नसतं. व्यापारी तो कुठल्याही कांद्यात मिसळतो आणि कुठल्याही भावाने विकतो. माळेचं तसं नाही. ओल्या दोरीभोवती पात गुंफत, कांद्याशेजारी कांदा बसवत नेलेली माळ बघून आमच्याकडे लोक विणणारी बाई ओळखतात. माझ्या माळेत दोरी दिसत नाही. मुंबईहून येणारी गिऱ्हाइकं गाडीची काच खाली करून विचारतात, "ती घट्ट विणणारी बाई कुठे बसते?" ही ओळख मला कोणी आंदण दिलेली नाही.

आंदण काय मिळालं ते सांगते. माझा नवरा गेला आणि वाटणी झाली. रस्त्यालगतची गोड मातीची शेतं मोठ्या दिरांना गेली, कारण त्यांना दोन मुलगे. मला खाडीकडचं शेत मिळालं, भरतीचं पाणी कधी बांध फोडून आत शिरेल याचा नेम नसलेलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "तिचं काय, एकटीचं पोट." एवढंच. ते दोन शब्द मी आजवर जपून ठेवलेत. पितळेच्या भांड्यासारखे अधूनमधून काढते, घासते आणि परत ठेवते.

त्या शेतावर मी डोक्यावरून माती वाहिली. बांध चढवला. पावसाळ्यामागून पावसाळे पाणी अडवून आणि सोडून मीठ धुऊन काढलं. भात निघाल्यावर कांद्याची रोपं लावली तेव्हा लोक बांधावर हसायला आले होते. पुढे तेच रोपं मागायला आले. दिली, पण फुकट नाही आणि गोड बोलूनही नाही.

रस्त्याच्या कडेला शिरीषाचं मोठं झाड आहे. पूर्वी सासूबाई तिथे माळा विकायला बसायच्या. आता एका बाजूला जाऊबाई बसतात, दुसऱ्या बाजूला मी. दुपारनंतर सावली त्यांच्याकडे जाते आणि ऊन माझ्याकडे येतं. तीही वाटणीच म्हणायची. एकाच खोडाला पाठ लावून आम्ही दोघी वर्षानुवर्षं बसलो आणि एकमेकींशी बोललो ते फक्त गिऱ्हाइकांमार्फत. "त्या बाजूचा घ्या की, स्वस्त हाय. पाणी सुटतंय म्हणून स्वस्त हाय," असं मी म्हणायची. "हिच्याकडचा कांदा बघून घ्या हां, खाऱ्या जमिनीतला हाय," असं पलीकडून यायचं. बिचारं गिऱ्हाईक मधल्या मधे ओशाळं व्हायचं आणि दोघींकडून एकेक माळ घेऊन जायचं.

यंदाचा कांदा आला आणि मला गेल्या हंगामाची आठवण आली, ज्या हंगामात इनेस माझ्या घरात राहायला होती.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या दिवसांत मी बांधावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, पण आतला हात काही माझा राहिला नव्हता. बोटं अर्धी मिटायची आणि तिथेच अडायची. तांब्या धरवत नव्हता. भात निघालं, कांद्याची रोपं लागली, मजूर लावून ती कामं झाली. पण माळ विणायला मजूर लावून चालत नाही. लावला तर ती माळ त्याची. दिवस कांद्याकडे सरकत होते आणि मी हाताकडे बघत बसायची. हा हात मिटला नाही तर यंदा सगळा कांदा गोणीत जाणार. मग खाऱ्या शेतावर एवढी वर्षं जे कमावलं ते व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळणार, आणि झाडापलीकडे बसलेल्या बाईला काही बोलायचीही गरज उरणार नाही. भीती होती ती एवढीच, पण पुरेशी होती.

तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात हिवाळ्यात परदेशातले विद्यार्थी शिकायला येतात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमची मागची खोली रिकामी आहे ना? एक मुलगी आहे, कोलंबियाची. फिजिओथेरपी शिकते. तुमचा हातही बघेल." कोलंबिया कुठे ते मला ठाऊक नव्हतं. खोली रिकामी होती ते ठाऊक होतं.

मुलगी आली, इनेस नावाची. पाठीवर तिच्याएवढी पिशवी, केसांची एक जाड वेणी, गव्हाळ रंग. आमच्यातलीच वाटावी अशी, तोंड उघडेपर्यंत. मी भाडं सांगितलं. सांगताना अर्थातच वर घालून सांगितलं, म्हणजे तिने निम्मं म्हणावं, मी कपाळाला हात लावावा आणि मधे कुठेतरी दोघींनी थांबावं. ती हसली आणि म्हणाली, "ओके, काकी." दोन दिवस मला चैन पडलं नाही. सांगितल्या भावाला लगेच हो म्हणणारं माणूस विकणाऱ्याचा अपमान करतं. आपण कमी तर नाही ना सांगितलं, हा किडा डोक्यात सोडून जातं. तिसऱ्या दिवशी मीच तिला बसवून घेतलं आणि सांगितलं, "हे बघ पोरी, इथे पहिल्या बोलीला हो म्हणायचं न्हाय. घासाघीस करायची. उठून चालू लागायचं. मग बघ."

"चालू लागायचं?" तिने विचारलं. तिचं मराठी तेव्हा पाच-पन्नास शब्दांचं होतं, त्यात निम्मं हिंदी आणि थोडं इंग्रजी.

"चालू लागायचं. मागं बघायचं न्हाय. विकणाऱ्याला गरज असली तर तो हाक मारतो. ज्यानं हाक मारली तो हरला."

तिने ते किती नीट ऐकून ठेवलं होतं हे मला पुढे कळलं.

माझ्या हाताचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. सकाळी चुलीवर पाणी तापवायचं, बालदीत ओतायचं आणि हात त्यात बुडवून ठेवायचा. बालदी हा शब्द ऐकून तिला इतका आनंद झाला की मला वाटलं हिला बालदी विकत हवीय. त्यांच्या स्पॅनिशमध्येही जवळपास तोच शब्द आहे म्हणाली. पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यावर काय काय टाकून गेले त्यातलं एखादं भांडं तिच्याही घरात होतं म्हणायचं. हात शेकून झाला की बोटं मिटायची आणि उघडायची. तिथे आमची जुंपायची.

"वीस वेळा," ती म्हणायची.

"सहा."

"काकी, वीस!"

"अगं जीव जातोय माझा. सात. शेवटचं सांगते."

पहिले काही दिवस ती रडकुंडीला यायची. मग माझा स्वभाव तिला कळला. एके दिवशी म्हणाली, "चाळीस." मी अंगावरच गेले. बराच आरडाओरडा झाला आणि वीसवर ठरलं. मी वीस वेळा मूठ वळली, वर तिच्यावर उपकार केल्यासारखी बघत राहिले. तर ती एक बोट वर करून म्हणाली, "आणि न्यापा."

"ते काय?"

तिच्या गावच्या बाजारात सौदा संपला की गिऱ्हाईक हात पुढे करून न्यापा मागतं म्हणे. ठरलंय त्याच्यावर एक, प्रेमाचा. मी आयुष्यभर माळ विकून झाली की वर एक सुटा कांदा ठेवत आले, पण त्याला नाव असतं हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी एकविसाव्यांदा मूठ वळली. दुखलं. कुणाचं तरी देणं मनापासून देताना दुखतं तेवढंच.

मी झाडाखाली आदल्या वर्षीच्या उरलेल्या माळा विकत असायची, दुपारी रुग्णालय सुटलं की ती माझ्याजवळ येऊन बसायची. मराठी शिकायला, म्हणायची. त्यामुळे तिचं मराठी सगळं रस्त्याकडेच्या धंद्यातलं झालं. ‘परवडत नाही’, ‘हात लावून बघा’, ‘घ्यायचं तर घ्या’, ‘सकाळपासून भवानी झाली नाही’, हे तिला ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’च्या आधी यायला लागलं. डॉक्टरीणबाई एकदा झाडाखाली माळ घ्यायला थांबल्या तेव्हा हसत सांगत होत्या, "तुम्ही त्या मुलीला काय शिकवलंय?" गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्या कोळी बाबाला पाय वर उचलायला सांगायचं होतं. इनेस त्याच्या खाटेशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बोला बाबा, शेवटचं किती?" बाबा म्हणाला, "परवडत न्हाय गो!" आणि म्हणता म्हणता पाय वीतभर वर घेऊन गेला. सगळा वॉर्ड हसला. मी ते ऐकून गंभीर चेहरा ठेवला आणि डॉक्टरीणबाईंकडून पूर्ण भाव घेतला.

एका रविवारी मी तिला एसटीने कोर्लईला नेलं. तिथल्या ख्रिस्ती वाडीत जुनी माणसं घरात अजून पोर्तुगिजांच्या वळणाची बोली बोलतात असं ऐकून होते. एक आजी दारात मासळी साफ करत बसली होती. इनेस तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. आजीने सुरी थांबवली, मान वर केली आणि तिच्या भाषेत उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं किती कळलं देव जाणे, पण त्या बोलत राहिल्या. मी बाजूला उभी राहून कंटाळले, मग कंटाळायची थांबले. परतताना इनेस खिडकीला डोकं टेकून होती. मी खारे दाणे पुढे केले. तिने घेतले नाहीत. त्या मुलीला घर सोडून किती दिवस झाले होते हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या हिशोबात ती आल्यापासूनच होती.

थंडी वाढली आणि वालाच्या शेंगा भरल्या तशी वाडीत पोपटी लागायला लागली. संध्याकाळी शेतात मडकं आणायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, वरून पुन्हा पाला. मडकं पालथं घालायचं आणि भोवती गवत-पाचोळा पेटवायचा. भांबुर्ड्याचा तो कडवट-गोड धूर कपड्यांत शिरला की धुऊनही जात नाही. सगळी वाडी जमते. जाऊबाई जाळाच्या त्या बाजूला बसतात, मी या बाजूला. त्या वेळी इनेस बरोबर मधे बसली. मडकं फोडल्यावर जाऊबाईंनी राखेतून एक बटाटा काढला, सोलून, फुंकून तिच्या हातात ठेवला. "घे गो, बटाटा."

इनेस हसायला लागली. तिच्या देशात बटाटा म्हणजे रताळं म्हणे. मग तो बटाटा हातात धरून तिने आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत सांगितलं, तिच्या तुटक मराठीत. आई बाजारात बसते. डोंगरात. बटाटे विकते. गोणी उचलते, अशी, खांद्यावर. खांदा गेला. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणते, हंगाम संपू दे. "प्रत्येक वेळी हंगाम," ती म्हणाली. "एक संपतो, दुसरा येतो. आता हात वर जात नाही. केस विंचरत नाही. मी विंचरते. म्हणून मी शिकते."

जाऊबाईंनी नुसतं "व्हय" म्हटलं आणि जाळात एक काटकी सारली. एवढं भाडं तिने इतक्या सहज का दिलं, बाजारातल्या बाईची पोर असून घासाघीस का केली नाही, ते मला तेव्हा उमगलं. दारातल्या बाईचा वाकडा हात बघून तिला भाव दिसलाच नव्हता.

आता असं वाटेल की त्यानंतर मी शहाण्यासारखी वागले. नाही वागले. माझा राग मला न विचारता येतो. कांद्याच्या माना पडायला आल्या होत्या आणि माझी बोटं अजून तळव्याला टेकत नव्हती. इनेसने नवीन व्यायाम काढला होता, भाकरीची गरम उकड त्या हाताने मळायची. एका सकाळी मळता मळता मनगटातून अशी कळ गेली की मी तो गोळा उचलून अंगणात भिरकावला.

"बस झालं! हात माझा हाय, परीक्षा तुझी हाय! तुला परीक्षेत दाखवायला माझा हात पाहिजे, दुसरं काय?"

ते खरंही होतं थोडं. परत जाण्याआधी तिला एका रुग्णात झालेली सुधारणा डॉक्टरीणबाईंसमोर दाखवायची होती, आणि तो रुग्ण मी होते. तिने हात पुसले. चप्पल घातली. अंगणातून बाहेर पडली आणि रस्त्याने चालू लागली.

मी बघत राहिले. ती रागाने पाय आपटत गेली असती तर मी खुशाल जाऊ दिलं असतं. पण ती चाल वेगळी होती. ना घाईची, ना रेंगाळणारी. मान सरळ, मागे बघणं नाही. ती चाल मी रोज झाडाखालून बघते, ती सौदा सोडून निघालेल्या गिऱ्हाइकाची चाल होती. मीच शिकवलेली. आणि एवढ्या वर्षांत अशा पाठमोऱ्या गिऱ्हाइकाला मी एकदाही हाक मारलेली नाही. जातं तर जाऊ दे. शंभरातले बहुतेक वळतात, उरलेले गेले तर गेले.

ती शिरीषाजवळ पोचली. जाऊबाई त्यांच्या बाजूला टोपली मांडत होत्या. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग मान वळवून अंगणातल्या माझ्याकडे. म्हणजे हाक मारायची तर त्या बाईच्या देखत मारायची होती. किंमत ती होती.

"ए इनेस!"

ती थांबली. वळली नाही. "काय देता?" तिने तिथूनच ओरडून विचारलं.

"तू म्हणशील तेवढं! ये मागं!"

"आणि न्यापा?"

"तोपण! ये आता, उकड वाया चाललीय!"

झाडाखाली जाऊबाई मोठ्याने हसल्या. त्यांचं ते हसणं मी सासूबाई असताना ऐकलं होतं, आम्ही दोघी नव्या नवऱ्या होतो तेव्हा. माझे कान तापले. पण इनेस अंगणात परत आली, मातीत पडलेला गोळा कोंबड्यांना टाकला, नवीन उकड घेतली आणि माझ्या हाताखाली ठेवली. त्या सकाळी आम्ही भाव केला नाही.

कांदा उपटला, पसरला. पात मऊ झाली. माझी बोटं गुंफण्यापुरती हलायला लागली होती, पण दोरी ओढून धरण्याएवढा जोर हातात नव्हता. पूर्वी मी एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि उजव्या हाताने ताण द्यायची. आता कोणीतरी समोर बसून दुसरं टोक ताणून धरायला हवं होतं. दोन दिवस इनेसने धरलं. पण तिला काही ते साधेना. ती कधी फार ओढायची, कधी बोलता बोलता सैल सोडायची. तेवढ्यात रुग्णालयात तिची सकाळची पाळी लागली आणि ती सांगून गेली, "मी माणूस पाठवते."

सकाळी मी अंगणात पाट टाकून बसले होते. फाटक वाजलं. जाऊबाई होत्या.

त्या आत आल्या, माझ्यासमोर पाटावर बसल्या, पदर खोचला आणि जमिनीवरचं दोरीचं टोक उचललं. इतकी वर्षं आम्ही एका खोडाला पाठ लावून बसलो होतो. समोरासमोर बसल्यावर दिसलं, त्यांचे पुढचे केस सगळे पांढरे झाले होते.

"दोरी कोरडी हाय," त्या दोरीला म्हणाल्या.

"भिजवलीय मघाशी," मी कांद्याला म्हटलं.

"पोरीची परीक्षा हाय म्हणून आलेय हां मी."

"मीपण तिच्या परीक्षेसाठीच बसलेय."

मग आम्ही विणायला लागलो. मी पात वळवली की त्या दोरी एक बोट सैल सोडायच्या. मी कांदा बसवला की पुन्हा ताण द्यायच्या. सांगावं लागत नव्हतं. दोघींना शिकवणारी सासू एकच, तिच्या हाताखाली दोघींनी एकाच ओसरीवर चुकीच्या माळा उसवलेल्या. माझं बोट अडलं की त्या थांबायच्या. इकडेतिकडे बघायच्या, जणू त्यांचंच काही काम निघालंय. बोट सुटलं की पुन्हा दोरी ताठ व्हायची. एक माळ पुरी व्हायला ऊन अंगणभर आलं. सैल होती. तीन ठिकाणी दोरी उघडी दिसत होती. मला ती फेकून द्यावीशी वाटली. जाऊबाईंनी ती उचलली, झाडाखाली नेली आणि माझ्या बाजूच्या खिळ्याला टांगली.

दुपारी एक मुंबईचं गिऱ्हाईक थांबलं. माळ बघून नाक मुरडलं आणि निम्मा भाव बोललं. मी तोंड उघडणार तर खोडापलीकडून आवाज आला, "एवढ्याला न्हाय जमायचं साहेब! मोडल्या हातानं विणलीय ती. नीट माळ कुणीपण देईल." तो साहेब चालू लागला. मी हाक मारली नाही. पलीकडूनही कुणी मारली नाही. गाडीचं दार उघडण्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा, मग पावलांचा. त्याने पुरा भाव दिला. वर सुटा कांदा ठेवायला मी वाकले तर जाऊबाईंचा हात आधीच पुढे आला होता, त्यांच्या टोपलीतला कांदा घेऊन.

भांडण मिटलं असं कोणी समजू नये. ती वाटणी चुकीची होती आणि मी मरेपर्यंत ती चुकीचीच म्हणणार. ‘एकटीचं पोट’ मी विसरलेले नाही. पण त्या हंगामात रोज सकाळी दोरीचं एक टोक माझ्याकडे आणि एक त्यांच्याकडे असायचं. कांदा एकही गोणीत गेला नाही. शेवटच्या माळांत दोरी फक्त मलाच दिसत होती. डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा इनेसने माझा हात त्यांच्यासमोर धरला, मिटवला, उघडला, इंग्रजीत भराभर बोलली. आम्ही दोघी जावा बाजूला उभ्या होतो, परीक्षा आमचीच असल्यासारख्या.

जायच्या दिवशी तिला माळ हवी होती. मी भलताच भाव सांगितला. तिने एकदम निम्म्याच्याही खाली बोली लावली. आम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत भांडत गेलो, जाऊबाई मागोमाग. लोक वळून बघत होते. विमानात एवढा कांदा नेऊ देणार नाहीत हे दोघींना माहीत होतं, म्हणून सौदा तुटेपर्यंत ताणता येत होता. शेवटी मी एक कांदा तिच्या तळव्यात ठेवला. "न्यापा," म्हटलं. "पण काही घेतलंच नाही," ती म्हणाली. "मग कधीतरी घे."

एसटी आली. ती चढायला गेली, मान सरळ, मागे न बघता. चांगली शिकली होती. मीही हाक मारली नाही. दोघीही जिंकलो आणि दोघींच्या हातात काही आलं नाही. जाऊबाई मागून म्हणाल्या, "गेली गो." मी म्हटलं, "दिसतंय."

तिचं शिक्षण अजून संपायचं आहे. पहिलं गिऱ्हाईक आई असणार, असं ती फोनवर सांगते. आईने खांदा दाखवायला हो म्हटलंय, पण फार घासाघीस करते म्हणे. मी सांगितलं, उठून चालू लाग.

माझा हात आता चांगला आहे. गेल्या पावसाळ्यातच लक्षात आलं, आवणीच्या वेळी रोपांची जुडी पुरी मुठीत मावली. मूठ मिटते, तांब्या उचलवतो, दोरी ताणवते. पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून मी एकटी पूर्वीसारखी माळ विणू शकते. घरात दार लावून विणून बघितली. दोरी दिसत नव्हती.

काल सकाळी फाटक वाजलं. जाऊबाई आल्या, पाटावर बसल्या, दोरीचं टोक उचललं. "दोरी कोरडी हाय." "भिजवलीय." तेवढ्यात इनेसचा व्हिडिओ फोन आला. मी फोन कांद्याच्या टोपलीला टेकवून ठेवला. तिकडे रात्र होती, मागे तिच्या गावच्या डोंगरावरचे दिवे दिसत होते, आणि कुणीतरी बाई पाठमोरी गोण्या लावत होती.

"काकी! मूठ दाखवा!"

मी हात वर केला. बोटं अर्धी मिटवली आणि तिथेच थांबवली, थोडं तोंडही वाकडं केलं. इनेस जवळून बघायला लागली. तिची विद्याच ती, कुठलं बोट अडतं आणि कुठलं अडवलं जातं हे तिला दिसणारच. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्यासमोर दोरी ताणून बसलेल्या जाऊबाईंकडे.

"अजून बरा नाही," ती म्हणाली, अगदी डॉक्टरासारख्या आवाजात. "मोठ्या काकी, दोरी धरायला लागेल. सगळा हंगाम."

"धरीन बापडी," जाऊबाई म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

"आणि न्यापा. पुढचा हंगामपण."

"बघा! परवडत न्हाय मला एवढं," असं म्हणत जाऊबाईंनी दोरीला ताण दिला. मी हात खाली घेतला. समोर पातीचा ढीग होता, आणि त्याखाली माझी मूठ घट्ट मिटलेली होती.